आधी गारवा, मग जाळ

३ ऑक्टोबर १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर, एका कोरड्या पडलेल्या तलावाच्या सपाट पात्रात, एक्स-१५ए-२ हे विमान उतरलं. जाताना ते पांढरंशुभ्र होतं. उष्णतेपासून वाचवण्यासाठी त्याला वरपासून खालपर्यंत एक लेप दिलेला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारलेला होता. परत आलं ते होरपळून, जागोजागी काळं पडून. वैमानिक पीट नाइट सुखरूप होता. त्याने ध्वनीच्या ६.७ पट, म्हणजे ताशी ७,२७४ किलोमीटर वेग गाठला होता. माणूस बसलेल्या आणि स्वतःच्या इंजिनावर उडणाऱ्या विमानाने गाठलेला हा सर्वांत मोठा वेग. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

या विमानाच्या पोटाखाली, शेपटीच्या बाजूला असलेल्या आखूड पंखाला त्या दिवशी एक खोटं इंजिन लटकवलेलं होतं. पुढे कधीतरी तिथे खरं स्क्रॅमजेट इंजिन बसवून पाहायचं, म्हणून आधी त्याच आकाराचं नुसतं कवच बांधून उडायचं, असा बेत होता. विमान उतरलं तेव्हा ते खोटं इंजिन जागेवर नव्हतं. ज्या पंखाला ते टांगलं होतं, त्या पंखाच्या धातूला भगदाडं पडली होती. विमानाच्या आणि इंजिनाच्या टोकांवरून निघालेले आघाततरंग त्या कोपऱ्यात एकमेकांना भिडले. जिथे ते भिडले तिथे उष्णता अंदाजापेक्षा कितीतरी जास्त झाली आणि धातू जळत गेला. ते विमान पुन्हा कधी उडालं नाही. आज ते डेटनच्या संग्रहालयात उभं आहे.

मला या प्रसंगातली एकच गोष्ट पुढे न्यायची आहे. त्या खोट्या इंजिनात आग नव्हती. इंधनाचा एक थेंबही त्यात जळत नव्हता. जे झालं ते नुसत्या हवेने केलं. आता याच हवेला इंजिनाच्या आत घ्यायचं, तिच्यात इंधन फवारायचं, ते पेटवायचं आणि तरीही इंजिन शाबूत ठेवायचं. स्क्रॅमजेटचा सगळा इतिहास म्हणजे या एका अडचणीशी चाललेली झुंज आहे.

हवा एवढी तापते कशाने? सहज उत्तर येतं, घर्षणाने. घर्षणाचा वाटा असतो, पण मुख्य कारण वेगळं आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, ते आठवा. हवा दाबली की तापते. ध्वनीच्या सहापट वेगाने जाणाऱ्या विमानासमोरची हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर सेकंदाला १.८ किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलो हवेत गतीची ऊर्जा असते सुमारे १६ लाख ज्यूल. घरातलं पाच लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते. ही हवा थोपवली की सगळी ऊर्जा उष्णतेत उतरते आणि तापमान १,४०० अंश सेल्सियसच्या घरात जातं. नेहमीचं पोलाद वितळायला यापेक्षा फार जास्त लागत नाही.

साध्या रॅमजेटची हद्द इथेच संपते. रॅमजेटमध्ये फिरती चाकं नसतात, पाती नसतात. विमानाच्या वेगानेच हवा आत कोंबली जाते, दाबली जाते, तिचा वेग ध्वनीच्या खाली आणला जातो आणि मग तिच्यात इंधन जाळलं जातं. आपलं ब्रह्मोस याच तत्त्वावर ध्वनीच्या पावणेतीन पटीहून जास्त वेगाने जातं. पण मॅक ५ किंवा ६, म्हणजे ध्वनीच्या पाच-सहा पट वेग, ओलांडल्यावर हवेला एवढं थोपवणं परवडत नाही. थोपवलेली हवाच इतकी तापते की तिच्यात इंधन जाळून मिळणारी ऊर्जा रेणू फोडण्यात खर्ची पडते, रेटा द्यायला उरत नाही. म्हणून हवेला थोडंच आवरायचं, ती ध्वनीपेक्षा वेगातच राहू द्यायची आणि त्या धावत्या झोतातच आग लावायची, असा विचार पुढे आला. हेच स्क्रॅमजेट. क्लीव्हलँडच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या रिचर्ड वेबर आणि जॉन मॅके या दोघांनी १९५८ साली याचं गणित मांडलं. ब्रुकलिनमध्ये अँटोनिओ फेरी आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बिलिग यांनी पुढची अनेक वर्षं त्यावर घालवली.

धावत्या झोतात आग लावायची म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. हवा इंजिनाच्या एका टोकाने शिरते आणि एक हजारांश सेकंदात दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. तेवढ्यात इंधन फवारलं गेलं पाहिजे, हवेत मिसळलं पाहिजे, पेटलं पाहिजे आणि पुरतं जळलं पाहिजे. केरोसीनचा थेंब आधी वाफ होणार, मग पेटणार. त्याला एवढी घाई जमत नाही. यावर सापडलेला एक उपाय आपल्या जुन्या घरांच्या भिंतीत होता. वारा सुटला की दिवा कोनाड्यात ठेवायचे. स्क्रॅमजेटच्या भिंतीतही असाच एक उथळ खोलगट भाग कोरतात. मुख्य झोत त्याच्यावरून सुसाट निघून जातो, पण कोनाड्यातली हवा तिथेच घुटमळत राहते. त्या घुटमळणाऱ्या हवेत ज्योत टिकते आणि शेजारून जाणाऱ्या झोताला ती पेटवत राहते. भारतात झालेल्या चाचण्यांत ज्वलनकक्षातल्या हवेचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक होता. तेवढ्या वाऱ्यात ज्योत तग धरते, हे मला आजही नवल वाटतं.

आता ज्वलन सुरू झालं की आतलं तापमान २,००० अंशांच्या वर जातं. इतकं सोसणारा, वजनाला हलका आणि हवेतल्या ऑक्सिजनने न जळणारा धातू नाही. मग करायचं काय?

एक वाट अशी की थोडाच वेळ उडायचं. जाड बुडाचा तवा चुलीवर ठेवला की लगेच लाल होत नाही. उष्णता पोटात घेत राहतो. अमेरिकेच्या एक्स-४३ए या मानवरहित विमानाचं इंजिन तांब्याचं होतं आणि ते असंच उष्णता पोटात घेत होतं. मार्च २००४ मध्ये त्याने मॅक ६.८ आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅक ९.६ गाठला. दोन्ही वेळा इंजिन चाललं ते दहा-अकरा सेकंद. इंधन होतं हायड्रोजन. विज्ञानाच्या दृष्टीने ही फार मोठी मजल होती, कारण स्क्रॅमजेटचा रेटा खरोखर मिळतो हे तिथे दिसलं. पण दहा सेकंदांत कुठे पोचता येत नाही. तांबं तापून निघायच्या आत सगळं आटपायचं, ही त्या वाटेची अट होती.

दुसरी वाट माझ्या आजोळच्या न्हाणीघरात होती.

तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. मधोमध उभी नळी, तिच्यात ढलप्या आणि शेणीचे तुकडे, खाली राख पडायची जाळी, वर धुराडं. नळीच्या भोवती पाणी. एका बाजूने वरून गार पाणी ओतायचं, की दुसऱ्या बाजूच्या तोटीतून कढत पाणी बाहेर यायचं. आजीचा सक्त नियम होता, बंबात पाणी असल्याशिवाय पेटवायचा नाही. कोरडा बंब पेटवला तर सांधे सुटतात. आतली आग तीच, तांब्याचा पत्रा तोच. पण पलीकडून पाणी लागलेलं असेल तर पत्र्याला काही होत नाही, कारण आलेली उष्णता पाणी लगेच उचलून नेतं.

टिकाऊ स्क्रॅमजेट हा असाच बंब आहे. त्याच्या भिंती पोकळ असतात. धातूच्या दोन पत्र्यांच्या मधे अगदी बारीक, मिलिमीटरच्या मापाच्या वाटा काढलेल्या असतात आणि त्यांतून द्रव वाहत असतो. फरक एवढाच की विमानात वेगळं पाणी न्यायला जागा नाही आणि वजनही परवडत नाही. जवळ असतं ते फक्त इंधन. म्हणून पाण्याचं काम इंधनाने करायचं. टाकीतून निघालेलं इंधन आधी इंजिनाच्या भिंतींतून फिरतं, त्यांची उष्णता स्वतःकडे घेतं आणि तसंच कढत होऊन ज्वलनकक्षात फवारलं जातं. म्हणजे बंबातलं पाणीच शेवटी सरपण होतं. भिंतीतून घेतलेली उष्णता वायाही जात नाही. ती इंधनाबरोबर परत आगीतच येते. द्रव इंधनावरच्या रॉकेटांत ही युक्ती फार आधीपासून आहे. पण रॉकेट जळतं काही मिनिटं आणि इंधन ओततं धो-धो. स्क्रॅमजेटला मात्र हवेच्या मापातच इंधन घ्यावं लागतं, साधारण १५ किलो हवेला एक किलो केरोसीन. भिंती तापल्या म्हणून जास्त इंधन सोडलं, तर ते न जळता बाहेर जाणार आणि पल्ला घटणार. थंड करायला हाताशी आहे ते एवढंच, त्यातच भागवायचं.

हायड्रोजन असता तर चिंता कमी होती. उणे २५३ अंशांचं ते द्रवरूप उष्णता शोषण्यात कुणाला हार जात नाही आणि पेटायलाही क्षणाचा उशीर लावत नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये १२ कोटी ज्यूल ऊर्जा असते, केरोसीनमध्ये सव्वाचार कोटींच्या जरा वर. पण आता लिटरचं माप लावून पाहा. एक लिटर द्रव हायड्रोजनचं वजन जेमतेम ७१ ग्रॅम भरतं, तर केरोसीनचं ८०० ग्रॅम. त्यामुळे तेवढ्याच टाकीत केरोसीन चौपट ऊर्जा घेऊन बसतं. शिवाय त्याला थंड ठेवण्याचा जामानिमा लागत नाही, महिनोन्‌महिने साठवता येतं. ज्या यानाचं पोट बारीकच असलं पाहिजे, त्याला हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून मॅक ४ ते ८ या पट्ट्यात अभियंते पुन्हा पुन्हा केरोसीनच्या कुळाकडे वळले. मॅक ८ च्या पुढे मात्र हायड्रोजनशिवाय गत्यंतर नाही, असं साधारणपणे मानलं जातं, आणि त्याचं कारण ज्वलन नसून शीतलीकरण आहे.

केरोसीनला उष्णता शोषायला सांगायचं तर किती? साध्या तापमानापासून ५०० अंशांपर्यंत तापवताना एक किलो केरोसीन ढोबळमानाने १२ ते १५ लाख ज्यूल घेतं. मॅक ५ पर्यंत एवढ्यावर निभावतं. वेग त्यापुढे वाढला की भिंतींवरचा भार वाढतो आणि ही शिदोरी अपुरी पडते. इथे रसायनशास्त्राने जे दिलं, ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत सुंदर पान वाटतं.

केरोसीनचे रेणू म्हणजे कार्बनच्या दहा-बारा मण्यांच्या माळा. ५०० अंशांच्या आसपास आणि त्याहून वर या माळा तुटायला लागतात. तुटायला ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा त्या भोवतालच्या भिंतीतूनच घेतात. म्हणजे इंधन नुसतं तापून थांबत नाही, मोडतानाही आणखी उष्णता गिळतं. बर्फ वितळताना तापमान न वाढवता उष्णता घेतो, तसं काहीसं. आणि तुटून जे निघतं ते काय? एथिलीन, मिथेन, थोडा हायड्रोजन. हलके, चटकन पेटणारे वायू. थेंबाची वाफ व्हायला वेळ नाही, ही जी अडचण मघाशी पाहिली, ती इथे आपोआप सुटते, कारण ज्वलनकक्षात शिरतं ते द्रव इंधन नसतंच. भिंत गार करण्याचं काम आणि इंधन पेटण्याजोगं करण्याचं काम, दोन्ही एकाच रासायनिक क्रियेत होतात. अशा इंधनांना उष्माग्राही इंधनं म्हणतात. मिथिलसायक्लोहेक्झेनसारख्या संयुगातून हायड्रोजन काढून त्याचं टोल्यूइन करताना उष्णता कशी शोषली जाते, याचा अभ्यास १९६० च्या दशकातच सुरू झाला होता; लँडर आणि निक्सन यांचा १९७१ चा लेख या विषयात आजही आधाराला घेतला जातो.

इतकं सुंदर आहे तर अडतं कुठे? पुन्हा बंबाकडे जाऊ. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरातला बंब काही वर्षांनी आतून पाहिलात तर नळीवर पांढरट क्षारांचं पापुद्र्यासारखं कवच दिसेल. पाणी पूर्वीसारखं लवकर तापत नाही, पत्रा मात्र जास्त तापतो. इंधनाच्या वाटांत हेच घडतं, फक्त थर काळा असतो. रेणू तुटताना काही तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात, जड होत जातात आणि अखेर कोकचा थर म्हणून भिंतीवर बसतात. दीडशे अंशांच्या पुढे गेल्यावर इंधनात विरघळलेला ऑक्सिजन आधी डिंकासारखं काहीतरी तयार करतो. साडेचारशे अंशांच्या पुढे माळा तुटण्यातून निघणारा कार्बन सुरू होतो. त्यात जे निकेल आणि लोह आपण उष्णता सोसतं म्हणून निवडलेलं असतं, तेच या कार्बनला धाग्यांसारखं वाढायला मदत करतं.

मिलिमीटरभर रुंदीच्या वाटेत थोडासा थर बसला तरी काय होतं, याची साखळी नीट पाहण्यासारखी आहे. थर बसला म्हणून वाट अरुंद झाली. वाट अरुंद झाली म्हणून तिथून कमी इंधन वाहिलं. बाकीचं शेजारच्या मोकळ्या वाटांनी निघून गेलं. कमी इंधन म्हणून तिथली भिंत जास्त तापली. भिंत तापली म्हणून आणखी कोक बसला. हे चक्र सुरू झालं की ती जागा काही क्षणांत लाल होते आणि फुटते. एवढ्याशा छिद्राने सगळं इंजिन जातं. म्हणून उपाय अनेक अंगांनी करावे लागतात. इंधनातला विरघळलेला ऑक्सिजन काढायचा. वाटांच्या आतल्या बाजूला धातू उघडा न राहील असा निष्क्रिय लेप द्यायचा. इंधनात गंधक आणि अरोमॅटिक संयुगं कमीत कमी ठेवायची.

या शेवटच्या मुद्द्यावर एका जुन्या विमानाचे उपकार आहेत. एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे टेहळणी विमान मॅक ३ च्या पुढे उडायचं आणि त्याच्यासाठी जेपी-७ नावाचं खास शुद्ध केलेलं इंधन तयार झालं होतं. विमानातल्या यंत्रणांची उष्णता हेच इंधन वाहून न्यायचं आणि मग इंजिनात जायचं. ते उष्णतेला इतकं दाद देत नसे, की पेटवायला ट्रायएथिलबोरेन हे हवेचा स्पर्श होताच भडकणारं रसायन लागायचं. इंजिन सुरू होताना हिरवट ज्वाळ दिसायची ती त्याचीच. पुढे स्क्रॅमजेटला सोशिक इंधन हवं झालं, तेव्हा अमेरिकेने याच जेपी-७ कडे धाव घेतली.

अमेरिकी हवाई दलाने १९९५ साली हायटेक नावाचा कार्यक्रम हाती घेतला. उद्दिष्ट नेमकं होतं, केरोसीनच्या कुळातल्या इंधनावर चालणारं आणि त्याच इंधनाने थंड राहणारं स्क्रॅमजेट. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने आधी न थंड होणारी नमुना-इंजिनं चालवली, मग इंधन भिंतींतून फिरवलं. भिंतीतून बाहेर पडलेलं तेच इंधन थेट जाळायचं, ही त्यापुढची पायरी. वाचताना ती छोटी वाटेल. इंजिनवाल्यांना मात्र ती अवघड गेली. कारण तोपर्यंत थंड करणारं इंधन आणि जळणारं इंधन यांचे नळ वेगळे होते, दोन्ही स्वतंत्रपणे कमीजास्त करता येत होते. आता एकच नळ. भिंत जास्त तापली की इंधन जास्त तुटतं, त्याची घनता घटते, फवाऱ्याचा जोर बदलतो, ज्वलन बदलतं आणि त्याने पुन्हा भिंतीचं तापमान बदलतं. दाब आणि तापमान वाढत गेल्यावर, साधारण ४०० अंशांच्या सुमारास, केरोसीन धड द्रवही राहत नाही, धड वायूही नाही. सुरुवातीला गार तेल आणि काही सेकंदांनी तप्त वायू, असं दोन्ही त्याच भोकांतून नीट फवारलं गेलं पाहिजे.

आणि सुरुवातच एक कोडं आहे. इंधन चांगलं जळायला ते तापलेलं हवं. ते तापायला भिंती तापलेल्या हव्यात. भिंती तापायला आत आग हवी. आग लागायला तापलेलं इंधन हवं. यावर उपाय म्हणून सुरुवातीचे काही क्षण बरोबर नेलेला एथिलीन वायू जाळायचा, भिंती तापल्या की हळूहळू जेपी-७ वर यायचं, असं ठरलं. घरात गोवऱ्या पेटायला आधी रॉकेलचा बोळा लावतात, तसं.

याची आकाशातली परीक्षा झाली एक्स-५१ए या साडेसात मीटर लांबीच्या यानावर. बांधणी बोइंगची, इंजिन प्रॅट अँड व्हिटनी रॉकेटडाइनचं, भिंतींना निकेलप्रधान मिश्रधातू, नाकाच्या टोकाला टंगस्टन. पोटात सव्वाशे किलोच्या आत-बाहेर जेपी-७. एक्स-१५ जसं बी-५२ बॉम्बर विमानाच्या पंखाखालून सोडत, तसंच हेही त्याच एडवर्ड्स तळावरून बी-५२ ने नेऊन पॅसिफिक महासागरावर, १५ किलोमीटर उंचीवर सोडायचं. मग घन इंधनाचं रॉकेट त्याला मॅक ४.८ च्या आसपास नेणार आणि तिथून स्क्रॅमजेट सुरू होणार.

चार यानं होती, चार उड्डाणं झाली. २६ मे २०१० ला पहिलं. एथिलीन पेटलं, जेपी-७ वर बदल झाला, इंजिन दोन मिनिटांहून अधिक चाललं. पण अपेक्षित वेग आला नाही आणि यान गमावलं. दुसरं १३ जून २०११ ला. एथिलीनवर इंजिन लागलं आणि नेमक्या त्या बदलाच्या क्षणी हवेच्या तोंडाशी आघाततरंगांची घडी विस्कटली. आतला दाब वाढून तरंग बाहेर ढकलले गेले की हवा आत यायची थांबते, इंजिन गुदमरतं. पुन्हा चालू करायचा प्रयत्न झाला, साधलं नाही. तिसरं १४ ऑगस्ट २०१२ ला. त्यात दिशा सांभाळणारं एक शेपूट-पातं बिघडलं आणि स्क्रॅमजेटला आपली वेळच आली नाही. शेवटचं यान उरलं होतं. १ मे २०१३ ला ते सुटलं. एथिलीन पेटलं. बदल झाला. मॅक ५.१ ला इंजिन २१० सेकंद चाललं, टाकीतलं इंधन संपेपर्यंत चाललं. मग ते बंद झालं आणि यान तरंगत जाऊन ठरल्याप्रमाणे समुद्रात पडलं. सहा मिनिटांत त्याने सव्वाचारशे किलोमीटर कापले होते.

२१० सेकंदांची मातब्बरी कशात आहे ते मला इथे ठासून सांगायचं आहे. दहा-वीस सेकंदांत धातू तापतच असतो. थंड करण्याची व्यवस्था चोख आहे की नाही हे तोपर्यंत कळतच नाही. काही मिनिटांनी मात्र आत येणारी आणि इंधनाने उचललेली उष्णता जुळते, तापमान एका जागी स्थिरावतं. त्यानंतर इंजिन टिकलं तर ते नियमाने टिकलं असं म्हणता येतं. बंद पडण्याचं कारण भिंत वितळणं नसून टाकी रिकामी होणं हे असावं, एवढ्यासाठी १९९५ पासूनची १८ वर्षं गेली होती.

भारतात या विषयाच्या दोन वाटा आहेत. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून रॉकेटच्या अंगाला दोन स्क्रॅमजेट लावून ती पाच सेकंद चालवली, इंधन हायड्रोजन. संरक्षण संशोधन संस्थेची, म्हणजे डीआरडीओची वाट केरोसीनची. तिच्या हैदराबादच्या डीआरडीएल प्रयोगशाळेने बनवलेलं प्रात्यक्षिक यान ७ सप्टेंबर २०२० रोजी सकाळी ११ वाजून ३ मिनिटांनी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून निघालं. घन इंधनाच्या रॉकेटने ते ३० किलोमीटर उंचीवर नेलं, उष्णतेचं कवच उघडून बाजूला झालं, हवेचं तोंड उघडलं आणि स्क्रॅमजेटने यान ध्वनीच्या सहापट वेगाने २० सेकंदांहून अधिक काळ चालवलं. आधी म्हटलं तेच इथेही लागू होतं. २० सेकंदांत ज्वलन सिद्ध होतं. थंड करण्याची परीक्षा त्यापुढे सुरू होते.

ती परीक्षा जमिनीवर घेतली गेली. २१ जानेवारी २०२५ रोजी डीआरडीएलने इंधनाने थंड होणारा ज्वलनकक्ष १२० सेकंद चालवला. त्यासाठी देशातल्या उद्योगांच्या साथीने स्वतःचं उष्माग्राही इंधन बनवलं होतं. थंड करायची क्षमता जास्त आणि पेटायला सोपं, हे त्याचे दोन गुण. आतून पोलादाच्या वितळबिंदूच्याही वर टिकणारा सिरॅमिक लेप दिला होता. हा लेप म्हणजे आगीकडून भिंतीत शिरणाऱ्या उष्णतेलाच आधी अडवणारी गोधडी; उरलेलं इंधनाने वाहून न्यायचं. मग २५ एप्रिलला लहान आकाराचा ज्वलनकक्ष हैदराबादच्या नव्या चाचणी केंद्रात १,००० सेकंदांहून अधिक काळ जळत राहिला. मॅक ६ ला १,००० सेकंद उडायचं म्हटलं, तर मुंबईहून निघून कोलकाता मागे पडतं.

जमिनीवर हे करायला आणखी एक गोष्ट आधी घडवावी लागते, मॅक ६ ची हवा. स्थिर उभ्या इंजिनासमोर हजार-दीड हजार अंशांचा झोत सोडायचा, तोही मिनिटामागून मिनिट. अमेरिकेच्या लँग्ली केंद्रातल्या मोठ्या बोगद्यात हवेत मिथेन जाळून ती तापवतात आणि जळण्यात संपलेला ऑक्सिजन वेगळा घालून भरून काढतात. तरी जळण्यातून आलेली पाण्याची वाफ त्या झोतात राहतेच, वरच्या आकाशात ती नसते. त्यामुळे बोगद्यातल्या आकड्यावरून आकाशातला आकडा काढताना अभियंते फार जपून पाऊल टाकतात.

आग विझली तरी काम संपत नाही. इंधनाच्या बारीक वाटांत काय साचलं ते पाहायचं असतं. प्रयोगशाळांत इंधनाची नळी चाचणीनंतर काढतात, धुऊन वाळवतात आणि करवतीने तिचे बोटाच्या पेरांएवढे तुकडे करतात. टाकीकडचा पहिला, फवाऱ्याकडचा शेवटचा. मग एकेक तुकडा भट्टीत ठेवून त्यावरून ऑक्सिजन सोडतात. आतला काळा थर जळून जातो आणि निघालेल्या कार्बन डायऑक्साइडवरून त्या पेराएवढ्या जागेत किती मायक्रोग्रॅम कोक बसला होता ते काढतात. तुकड्यामागून तुकडा, आकड्यामागून आकडा. कागदावर ती रेषा बराच वेळ जमिनीला धरून चालते आणि मग नळीच्या तप्त टोकाकडे एका जागी अचानक वर उठते. ती जागा शेवटच्या तुकड्याच्याही पलीकडे, नळीबाहेर ढकलता येईल का, यावर सगळ्यांचे डोळे असतात.